उचल : उसातल्या एका शब्दाचे दोन हिशेब

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. पत्रकावर ‘उसाने घडवलेला पश्चिम महाराष्ट्र’ असा विषय छापलाय, आणि सांगवीत बसून उसावर काय बोलणार, असं आत येताना दोघा-तिघांनी विचारलंसुद्धा. प्रश्न रास्त आहे. इथे ऊस उरलाय तो रसवंतीत, घुंगरांच्या तालावर चरकात जाणारा. पण नदी इथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. पवना इथेच मुळेला मिळते. सांगवी या नावातच संगम ऐकू येतो. पुढे मुळा मुठेला भेटते, मुळा-मुठा दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला, आणि भीमा उजनीच्या जलाशयात. त्या जलाशयाच्या भोवती आणि खाली इंदापूर, करमाळा, माढा, पंढरपूर, म्हणजे सगळा ऊस. आपल्या मोरीतून गेलेलं पाणी, बरंवाईट जसं असेल तसं, शेवटी बऱ्याच अंशी उसालाच जातं. तेव्हा उसावर बोलायला सांगवी काही आडबाजूला नाही.

दुसरा खुलासा ‘आम्ही’चा. आमचा सात-आठ जणांचा वाचनगट आहे. तिघांची घरं फलटण, माळशिरस आणि राहुरीकडची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. एकाचे आई-वडील पाथर्डीकडून बारा हंगाम कोयता घेऊन कारखान्यांवर गेलेले. बाकीचे कंपन्यांतून निवृत्त झालेले. वर्षभर आम्ही उसावर जे मिळेल ते वाचलं, पाहिलं. आज सांगणार आहोत ते बव्हंशी त्या वाचनाविषयीची आमची तक्रार आहे. आम्ही कुणी अभ्यासक नाही. पण तक्रार करायला पदवी लागत नाही.

गटात भांडण लागलं ते एका शब्दावरून: ‘उचल’.

फलटणकडचे आमचे सोबती म्हणाले, यंदा पहिली उचल उशिरा आली. त्यांच्या बोलण्यात उचल म्हणजे ऊस कारखान्यावर गेल्यावर मिळणारा पहिला हप्ता. पाथर्डीचे सोबती हसले. त्यांच्या घरात उचल म्हणजे दसऱ्याच्या आधी मुकादमाने हातावर ठेवलेली रक्कम, जी पुढचे पाच-सहा महिने तोडणी करून फेडायची. तोच कारखाना, तोच ऊस, तोच शब्द. एकाची उचल म्हणजे घातलेल्या मालाचं येणं. दुसऱ्याची उचल म्हणजे काम सुरू होण्याआधीच अंगावर आलेलं देणं. आणि आम्ही वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात पहिलीच उचल होती.

हे असं का झालं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

ऊस आपल्याकडे कालव्यांनी आणला, हे अर्धंच खरं. चोखोबांच्या अभंगात ऊस आहे, आणि ते मंगळवेढ्याचे. विहिरीच्या पाण्यावर बांधाकडेला थोडा ऊस, गुऱ्हाळ, गूळ, हे जुनंच. बदललं ते प्रमाण. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने भाटघरला धरण बांधलं आणि १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला. हेतू होता दुष्काळापासून संरक्षण, म्हणजे ज्वारी-बाजरी वाचवायची. पण पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी घेईना. ज्वारीला पाणीपट्टी परवडत नव्हती. कालव्यावर केलेला खर्च निघेना. मग पाणीपट्टी देऊ शकेल असं पीक सरकारलाच हवंसं झालं, आणि ते होतं ऊस. दुष्काळासाठी काढलेल्या कालव्यावर सर्वांत जास्त पाणी पिणारं पीक उभं राहिलं ते असं. इथे कुणी एक खलनायक नाही. हिशेबाची वही होती, तिने हे केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत बसवली. तिच्यातही थोडा ऊस, बाकी इतर पिकं, आणि पाणी जास्त गावांना, असा विचार होता. कागदावर ती आजही वाचायला छान वाटते.

मग सासवडचे माळी. हा उसाच्या इतिहासातला सगळ्यात उमदा भाग. पाटाचं पाणी कसं वापरायचं, खत किती, बेणं कुठलं, हे ज्ञान त्यांच्याकडे होतं. नीरेच्या काठाने खंडाने जमिनी घेत ते बारामतीकडे सरकले, कुणी पुढे गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर गेले. १९३२ साली साखरेला आयात जकातीचं संरक्षण मिळालं आणि देशभर कारखाने निघाले. वालचंदनगरसारखे भांडवलदारांचे होतेच. पण त्याच सुमारास या माळी बागायतदारांनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःच्या भागभांडवलावर कारखाना उभा केला. शेतकऱ्याने साखर कारखाना काढायचा, ही कल्पना प्रवरेच्या आधी इथे रुजली होती. एवढी मोठी गोष्ट भाषणांत नेहमी एका वाक्यात का संपते, कळत नाही.

प्रवरानगर सगळ्यांना माहीत आहे. विठ्ठलराव विखे पाटील, अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळ, १९५०-५१ च्या हंगामात पहिलं गाळप. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना वगैरे आपण शाळेत पाठ केलंय. पण त्यामागचं यंत्र फारसं कुणी सांगत नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आसपास गाळावा लागतो. वाळला की वजन घटतं, उतारा घटतो. म्हणून कारखान्याला रोज ठरावीक ऊस लागतोच, आणि शेतकऱ्यालाही तो लांबच्या बाजारात नेता येत नाही. दोघं एकमेकांना बांधलेले.

डोनाल्ड अॅटवूड या मानववंशशास्त्रज्ञाचा मुद्दा नेमका इथे आहे. माळेगाव परिसरावरचं त्यांचं ‘रेझिंग केन’ १९९२ साली आलं. नगदी पीक आलं की मोठा शेतकरी लहानाला गिळणार, असं भाकीत पुष्कळांनी केलं होतं. अॅटवूड म्हणतात, तसं झालं नाही. मोठ्याला कारखाना पूर्ण क्षमतेने चालवायचा तर लहानाचा ऊस हवाच, त्यामुळे दोघांचं हित एकत्र गुंतलं. ब. शि. बाविस्करांचं कोपरगावच्या कारखान्यावरचं पुस्तक १९८० चं. ते गटबाजी तपशिलाने दाखवतात, आणि विरोधी गट टपून बसलेला असल्यामुळे सत्ताधाऱ्याला कारखाना नीट चालवावा लागतो, हेही दाखवतात. दोन्ही पुस्तकं चांगली आहेत. राजकारण वाईट आणि सहकार चांगला, या शाळकरी वाटणीतून त्यांनी आम्हाला बाहेर काढलं.

राहुरीच्या सोबत्यांनी मात्र बाविस्करांना एक पुरवणी जोडली. सत्तेचा खरा दांडा निवडणुकीत नसतो, तोडणी कार्यक्रमात असतो. कुणाच्या फडाला तोड कधी मिळणार? जानेवारीत तुटलेला ऊस आणि एप्रिलपर्यंत उभा राहून तुरा आलेला, वाळलेला ऊस यांच्या वजनात किती फरक पडतो, ते शेतकऱ्याला विचारा. विरोधात मतदान केलं म्हणून कुणी मारायला येत नाही. चिटबॉय फक्त तुमच्या बांधाकडे फिरकत नाही. त्यांच्या वडिलांनी एका वर्षी मेपर्यंत वाट पाहिली. कारखान्याचं नाव त्यांनी आम्हालाही सांगितलं नाही. अजून ऊस तिथेच जातो. (हशा)

आता सिनेमा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आलेला ‘सामना’: पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आणि श्रीराम लागूंचा मास्तर. आम्ही तो दोनदा पाहिला. हिंदुराव राक्षस नाही, हे त्या सिनेमाचं मोठेपण. तो कारखाना दाखवतो, परिसराचा कायापालट दाखवतो, आणि त्यातलं बरंचसं खरं असतं. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं, हा एकच प्रश्न मास्तर धरून बसतो आणि त्या प्रश्नाने सगळं साम्राज्य हलतं. आमच्या पिढीला सत्तेकडे पाहायला या सिनेमाने शिकवलं.

पण पन्नास वर्षांनी बघताना एक गोष्ट खुपते. सगळं नाट्य दोन माणसांत आहे: चेअरमन आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी. ऊस मागे उभा आहे. तो तोडतो कोण, हे कथेला विचारावंसं वाटलं नाही. पुढे ‘साखरसम्राट’ हा शब्द रूढ झाला, वर्तमानपत्रांनी तो झिजेपर्यंत वापरला, आणि टीकेची गाडी तिथेच रुतली. सम्राट म्हटलं की दोष एका माणसाचा होतो. तो बदलला की प्रजा सुखी. वीस हजार सभासदांच्या कारखान्यात ऊसतोड्याच्या झोपडीजवळ पाण्याचा नळ नाही, याला एकटा चेअरमन कसा जबाबदार? वार्षिक सभेत नळाचा विषय एकाही सभासदाने काढलेला नसतो. ‘सम्राट’ या शब्दाने सभासदांची सुटका केली. म्हणजे आमचीसुद्धा.

स्तुती करणारे आणि टीका करणारे, दोघांनीही कुंपण घातलं ते सभासदांच्या यादीभोवती. सहकार यशस्वी झाला की नाही, याचं उत्तर यादीतल्या लोकांना विचारून ठरलं. यादीत यायला ऊस हवा, उसाला पाणी हवं, आणि पाणी कालव्याच्या खालच्या बाजूलाच. ही आमच्या तक्रारीची गाभ्याची गोष्ट आहे. अॅटवूड यांचा निष्कर्ष यादीपुरता बरोबर असेल. मोठ्याने लहानाला गिळलं नसेल. पण लहानमोठे एकत्र येऊन ज्याच्या श्रमावर उभे राहिले, तो बीड-पाथर्डीचा कोरडवाहू माणूस त्यांच्या मोजमापात मध्यावर येत नाही. यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या परिसरात हाच प्रश्न विचारला होता, आणि तिथे उसात राबणाऱ्यांत आपल्या खानदेशातले लोक होते. आपल्या माणसांची ती कहाणी आपण एका डच अभ्यासकाकडून इंग्रजीत वाचतो.

सिडनी मिंट्झ यांचं ‘स्वीटनेस अँड पॉवर’ (१९८५) वाचताना गटात एक दिलासा होता. कॅरिबियन बेटांवर मळेवाले, गुलाम, चाबूक. आपल्याकडे तसं नाही, इथे जमीन शेतकऱ्याचीच राहिली, कमाल जमीन धारणेच्या १९६१ च्या कायद्याने साखर कंपन्यांच्याही जमिनी घेतल्या. खरं आहे, आणि ही लहान गोष्ट नाही. पण मिंट्झ यांची खुबी अशी की लंडनच्या मजुराच्या चहातली साखर आणि बेटावरचा ऊस तोडणारा ते एकाच हिशेबात मांडतात. आपल्याकडे तो हिशेब दोन वह्यांत ठेवलाय.

दुसरी वही आता उघडू. पाथर्डीच्या सोबत्यांनी सांगितलं ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत. उचल घरातल्या पुरुषाच्या हातात पडते. ती कशात जाते? आदल्या वर्षीची बाकी, लग्न, बैल, दवाखाना. मग ट्रकमध्ये संसार, आणि कारखान्यावर किंवा फडाजवळ कोप्या. पहाटे चारला फडात. टनावर दर, हा दर कारखान्यांचा संघ आणि संघटना यांच्या करारात ठरतो. आजारी पडलं, बाळंतपण आलं, कामावर गेलं नाही तर खाडा, म्हणजे उलट पैसे कापणार. रोजच्या मीठमिरचीला वाढे विकून चार पैसे. हंगाम संपला की मुकादम हिशेब सांगतो. तो सांगतो, हे महत्त्वाचं. लिहिलेलं कुणाकडे नसतं. फिटलं नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. सोबत्यांची आई म्हणायची, आपली उचल उचलली तर जाते, उतरत नाही.

आणि ‘कोयता’ हा शब्द. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. माणसं हत्याराच्या नावाने मोजायची, आणि दोन माणसांचं एक हत्यार. बाईची मजुरी त्या एकात कुठे आहे, ते शोधून दाखवा. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी गाजली. सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. बातम्यांनी डॉक्टरांकडे बोट दाखवलं, ते योग्यच. पण पाळीच्या दिवसांतही खाडा पडतो, फडात आडोसा नसतो, आणि हे दुखणं कायमचं मिटवून टाकावं असं बाईला वाटू लागतं. याची मुळं कोयत्याच्या हिशेबात आहेत. तो हिशेब कुणी मागितला नाही.

साखर कारखान्यांच्या परिसरात शाळा, महाविद्यालयं, इंजिनिअरिंग आणि वैद्यकीय संस्था उभ्या राहिल्या. आमच्या गटातले दोघे तिथेच शिकून कंपनीत लागले. त्याबद्दल आम्ही कृतघ्न नाही. त्याच आवारात तोडणीवाल्यांच्या मुलांसाठी निघाली ती ‘साखरशाळा’, आणि तीही बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवी संस्थांच्या धडपडीने. एकाच चिमणीखाली दोन शिक्षणं. हे आम्हाला वाचताना कळलं; तिथे शिकत असताना दिसलंच नव्हतं.

यावर फलटणच्या सोबत्यांनी जोरदार हरकत घेतली, आणि ती इथे सांगितलीच पाहिजे. ते म्हणाले, तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्याच बिलातून कापतात. वर फडात आलेल्या टोळीला मी चहापाणी, खुशाली देतो. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असा १९६६ च्या आदेशात नियम आहे, ते मला महिनोन्महिने मिळत नाहीत. मीच नागवला जातोय, मी कुणाला काय लुटणार? हे खोटं नाही. पण बघा, त्यांना नियम तरी सांगता येतो. तोडणाऱ्याचा मालक कोण, हेच ठरलेलं नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट करतो, मुकादम म्हणतो मी तर मध्यस्थ. शेतकरी म्हणतो, मी कारखान्याला पैसे दिले. एवढ्या मोठ्या उद्योगात लाखो माणसं राबतात आणि त्यांना मालकच नाही.

चाकणचा उल्लेख इथे यायलाच हवा. शरद जोशी आंबेठाणला शेती करायला आले आणि चाकणच्या कांद्यापासून शेतकरी आंदोलनाची सुरुवात झाली. १९८० साली नाशिकच्या आंदोलनात उसाला टनाला ३०० रुपयांची मागणी गाजली. शेतमालाच्या भावात शेतकऱ्याला पद्धतशीर मारलं जातं, हे त्यांनी ज्या नेमकेपणाने मांडलं, तसं आधी कुणी मांडलं नव्हतं. भाव मिळाला की मजुरीही वाढेल, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला हे अर्धं पटतं. उसाचा भाव वाढला, तोडणीचा दरही वाढला, पण उचलीची रीत हलली नाही. ज्याला विकायला शेतमालच नाही, फक्त दोन हात आहेत, त्याच्यापर्यंत भाव किती पोचतो, हे जोशींच्या मांडणीला नीट विचारलं गेलं नाही. त्यांच्या विरोधकांना तर शिव्या देण्यातून सवड मिळाली नाही.

शेवटचा भाग पाण्याचा. राज्याच्या पिकांखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार-सहा टक्के आणि सिंचनाच्या पाण्यात दोन-तृतीयांशाच्या आसपास, असा अंदाज अहवालांत वारंवार येतो. सोलापूर जिल्ह्यात पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, उसाला लागतं त्याच्या तिप्पट-चौपट, आणि राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने याच जिल्ह्यात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं; मांजरेच्या खोऱ्यात ऊस होताच. आता सांगवीकरांना यात बाजूला उभं राहता येत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळात आंदोलन झालं, गोळीबारात तीन शेतकरी गेले. ती वाहिनी आपल्या शहरासाठी होती. आपणही एका यादीत आहोत, नळजोडाच्या. आणि आपल्या यादीबाहेर कोण आहे, हे आपल्या सोसायटीच्या सभेतही कुणी विचारत नाही. उसाला पाणी जास्त जातं असं शहराने म्हणणं सोपं आहे. दापोडीचा पूल ओलांडला की खडकी. तिथे किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ पासून आहे. नदी-विहिरीवरून फडापर्यंत पाणी चढवणारी कितीतरी इंजिनं या भागातच बनली, आणि ती बनवणारे हात बऱ्याचदा ऊसपट्ट्यातून आलेले होते. शहर आणि ऊस यांना वेगळं काढणं तितकं सोपं नाही.

प्रश्नोत्तरांत बहुतेक ‘आता तोडणी यंत्र आलंय, मग हे सगळं संपेलच ना’ असं कुणीतरी विचारेल, म्हणून आधीच सांगतो. यंत्रं आली आहेत आणि वाढताहेत. ती लाखोंची नाही, कोट्यवधींची गुंतवणूक आहे, अनुदान धरून. फडात सरी रुंद लागते, लहान तुकड्यात ते वळत नाही. म्हणून ऊसतोड्या लगेच जाणार नाही. सोप्या फडांवर यंत्र जाईल आणि पडलेला, चिखलातला, अडचणीचा ऊस कोयत्याकडे राहील. पाथर्डीचे सोबती म्हणाले, यंत्राला उचल द्यायला बँक आहे.

श्री संत तुकाराम कारखाना इथून फार लांब नाही, हिंजवडीच्या पलीकडे कासारसाईला. हंगाम सुरू झाला की एका रविवारी आम्ही तिकडे जाणार आहोत, आणि या वेळी गाळप बघायला नाही. कोप्यांवर जाऊन, ज्यांना बोलायचं असेल त्यांच्याशी बोलून, उचलीचे हिशेब लिहून घ्यायचे आहेत: किती घेतली, किती फिटली, खाडे किती, आणि बाईच्या नावावर काय. सकाळी ते फडात असतात, म्हणून संध्याकाळी निघू. ज्यांना यायचंय त्यांनी दाराशी ठेवलेल्या वहीत नाव आणि नंबर लिहा. बस नाही, दुचाक्या आहेत, आणि गेल्या वेळी दोन जणांना मागे बसायला जागा मिळाली नव्हती.